करवंट्यांचा सर्वेअर

सर्व संबंधितांना, आणि ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशा सर्वांनाही, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, नारळाच्या करवंटीने गटाराची नाडी तपासणारा बहारीनमधला एकमेव मनुष्य आमच्या ऑफिसात होता. तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा आणि त्याच्या या विद्येवर काही महिने माझा संसार टांगलेला होता. कृपया हसू नये. निदान हा परिच्छेद संपेपर्यंत तरी.

संपला. आता हसा.

आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. गाव रत्नागिरीकडचं, खाडीकाठचं. बाप तांडेल, म्हणजे मचव्याचा कप्तान. त्यामुळे पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे आपल्या रक्तातच आहे, असं त्यांचं म्हणणं. तीस वर्षं बहारीनच्या राजधानीत, मनामात काढली. रेसिडेन्स कार्डावर हुद्दा 'सर्वेअर' असा होता. आमचं ऑफिस गटारांच्या योजना आखणारं. तिथल्या अर्ध्या इंजिनिअरांना त्यांनी गटार या विषयाची बाराखडी शिकवली होती आणि ते इंजिनिअर पुढे साहेब होऊन त्यांनाच हजेरीपटावर सह्या करायला सांगत.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते अत्तराचे व्यापारी वाटायचे. पांढराशुभ्र कडक इस्त्रीचा शर्ट आणि अंगाला इतकं अत्तर की लिफ्टमधून ते उतरून गेल्यावरही आपण तीन मजले त्यांच्यासोबतच जातो आहोत असं वाटावं. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी दोन खडू. सलमानियाच्या हॉस्पिटलमध्ये एकदा नर्सने विचारलं, "तुम्ही शिक्षक का?" तर म्हणाले, "हो. माझे विद्यार्थी जमिनीखाली असतात." ती बिचारी चार पावलं मागे सरली.

रस्त्यातल्या चेंबरच्या झाकणावर त्यांनी कधी पाय दिल्याचं मी पाहिलं नाही. मनामाच्या बाजारात खच्चून गर्दी असली तरी ते झाकणाला वळसा घालून जायचे. मी एकदा मुद्दाम झाकणावर उभा राहून त्यांच्याशी बोलू लागलो, तर म्हणाले, "उतर खाली मेल्या. दुसऱ्याच्या डोक्यावर उभा राहून बोलतोस, लाज नाय वाटत?"

नकाशे ते नव्या शर्टाच्या घडीत येणाऱ्या पुठ्ठ्यावर काढायचे. एका वस्तीला एक पुठ्ठा. त्या पुठ्ठ्यात मावणार नाही ती योजना त्यांच्या मते योजनाच नव्हे. "लहान वस्तीला मोठा प्लॅन म्हणजे बकरीच्या पाठीवर अंबारी," ते म्हणायचे. "राजा बसायच्या आधी बकरी बसते."

हे सगळं मला ऐकायला फार गोड वाटायचं, कारण तोवर ते गटार माझ्या घरात आलेलं नव्हतं.

आम्ही ईसा टाउनच्या पलीकडे एका छोट्या वस्तीत तळमजल्यावर राहतो. चाळीसएक घरं, एक उतरती गल्ली, गल्लीच्या वरच्या टोकाला किराणा दुकान आणि खालच्या टोकाला मैल्याचं पाणी पुढे ढकलणारं एक लहानसं पंपघर. लेकीची शाळा जवळ, भाडं परवडणारं. बहारीनमध्ये पाऊस म्हणजे वर्षातून मोजके दिवस येणारा पाहुणा. पण पाहुणा आला की तो थेट आमच्या न्हाणीघरात यायचा, आणि एकटा यायचा नाही. जमिनीतल्या जाळीतून आधी गुळगुळ आवाज, मग बुडबुडे, मग जे यायचं त्याचं वर्णन मी करणार नाही. तुमच्यापैकी कुणी जेवत वाचत असेल.

दोन हिवाळे हे झालं. दुसऱ्या खेपेला लेकीचे शाळेचे बूट न्हाणीतून तरंगत हॉलमध्ये आले. लेक सोफ्यावर उभी राहून म्हणाली, "बाबा, धिस इज सो डिस्गस्टिंग."  बायकोने दोन दिवस फिनाइलने घर धुतलं, तिसऱ्या दिवशी कपाटावरून मोठी बॅग उतरवली, तिच्यात दोघींचे कपडे भरले आणि ती दाराशी ठेवली.

"आज नाही जात," ती म्हणाली. "पण अजून एकदा ते पाणी वर आलं ना, त्याच दिवशी मी आणि पोरगी साताऱ्याला. तुझा व्हिसा, तुझी नोकरी, तुझं गटार. सांभाळ."

माझी बायको बोलते ते करते. लग्नही तिने असंच केलं होतं.

योगायोग असा की, आमच्याच वस्तीचं काम ऑफिसात आलं. पावसात गटार का भरून वाहतं आणि ते थांबवायचं कसं, याची योजना करायची होती. काम आलं आमच्या मॅनेजरांकडे. हे गृहस्थ पुण्याचे. हुशार, गोरे, घारे आणि पंपाचे निस्सीम भक्त. कुठलीही अडचण सांगा, ते डोळे मिटायचे आणि उघडून म्हणायचे, "मोठा पंप." आम्ही त्यांना पाठीमागे पंपसाहेब म्हणायचो. एकदा कॅन्टीनचा चहा पातळ होतो अशी तक्रार गेली, तेव्हा चाचा मोठ्याने म्हणाले, "साहेब, मोठा पंप बसवू या का?" पंपसाहेब हसले नाहीत. ते विचारात पडले.

"मोठा पंप, मोठा पाइप," पंपसाहेबांनी आमच्या वस्तीचंही निदान केलं.

"पण साहेब, पाणी येतं कुठनं ते तर बघू," चाचा म्हणाले. "घरं तेवढीच, माणसं तेवढीच. पाऊस नसताना त्याच पाइपातून सगळं सुखाने जातं. पाऊस पडला म्हणून लोक काय दहादा संडासला जातात? म्हणजे पावसाचं पाणी गटारात घुसतंय. ते कुठनं घुसतं ते शोधलं की पंप आहे तोच पुरतो."

"मोजायचं कसं? मीटर बसवायला बजेट नाही."

"मीटर कशाला? करवंट्या आणतो."

आणि इथून आमच्या ऑफिसातल्या तमाम भारतीय स्त्री-पुरुषांवर फर्मान निघालं: घरी नारळ फोडला की करवंटी टाकायची नाही. महिन्याभरात चाचांच्या टेबलाखाली करवंट्यांचा ढीग झाला. रिसेप्शनवरच्या मुलीने पाहुण्यांना सांगून ठेवलं होतं की आमचे एक सर्वेअर कसली तरी पूजा करतात.

पद्धत इतकी सोपी की पंपसाहेबांना ती समजायला वेळ लागला. चेंबरच्या आत, रोजच्या पाण्याच्या बरंच वर, सिमेंटची एक कड असते. त्या कडेवर एक करवंटी पालथी ठेवायची आणि सुतळीने वरच्या लोखंडी पायरीला बांधायची. पाऊस पडून गेला की झाकण उघडून बघायचं. करवंटी जागेवर असेल तर पाणी तिथवर चढलं नाही. कडेवरून सुटून लोंबत असेल, तर चढलं. शिवाय आतल्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत खडूचा जाड पट्टा ओढायचा. जिथवर पुसला जाईल तिथवर पाणी आलं होतं. बस. गटार स्वतःच्या हाताने हजेरी लावतं.

हे सगळं ते बाहेर उभं राहून लांब काठीने करायचे. चेंबरच्या आत कुणालाही उतरू द्यायचे नाहीत. एका मुकादमाने हौसेने कमरेला दोरी बांधून "उतरतो मी" म्हटलं, तर चाचांनी काठीने त्याच्या पोटरीवर एक हाणली आणि मग त्याला स्वतःच्या डब्यातलं सुरमईचं कालवण जेवू घातलं. "आत हवा नसते रे बाबा," म्हणाले. "करवंटी मेली तर मी दुसरी आणतो. तुला कुठनं आणू?"

आमच्या गल्लीत पाच चेंबर. दुकानासमोरचा एक नंबर, पंपघराजवळचा पाच. तीन नंबर बरोबर माझ्या दारात. पाचही ठिकाणी करवंट्या बसल्या, पट्टे ओढले गेले आणि मग आम्ही पावसाची वाट बघू लागलो. चाचा रोज आकाशाकडे बघून म्हणायचे, "आज तरी, इंशाल्ला." माझी बायको त्याच आकाशाकडे बघून नेमकं उलटं मागायची. वर ऐकणाऱ्याचा किती गोंधळ झाला असेल!

रिकाम्या वेळात चाचा घरोघर फिरले. समोरच्या घरात एक बहारीनी आजी राहायच्या. हजला जाऊन आलेल्या, म्हणून सारी गल्ली त्यांना हज्जिया म्हणायची. त्यांनी चाचांना कहवा पाजला, खजूर चारला आणि गच्चीचं पाणी कुठे जातं ते दाखवलं. गच्चीचा पाइप थेट गटारात जोडलेला होता. चाचांनी तो कापून त्यांच्या लिंबाच्या आळ्यात सोडला. मग शेजारच्या सहा घरांचे तसेच पाइप सापडले. हज्जियांनी स्वतः काठी टेकत दारोदार जाऊन ते कापून घेतले. त्यांना नाही म्हणण्याची त्या गल्लीत कुणाची छाती नव्हती.

पहिला पाऊस आला तो हलकासा, अर्ध्या तासाचा. न्हाणीची जाळी फक्त गुरगुरली. बायकोने बॅगेकडे पाहिलं आणि बॅगेने माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी चाचांनी झाकणं उघडली. एक आणि दोन नंबरची करवंटी जागच्या जागी, खडूचा पट्टा जसाच्या तसा. चार आणि पाचची करवंटी लोंबत होती आणि खडू खालून वर पुसलेला होता. म्हणजे तिथे पाणी चढलं. आणि तीन नंबर, माझ्या दारातला? तिथे करवंटी गायब, आणि खडू पुसला होता तो वरून खाली.

चाचांनी काठीचं टोक त्या पुसलेल्या पट्ट्यावर वरून खाली फिरवलं.

"वरनं पाणी आलं रे," म्हणाले.

"झाकणाच्या भोकातून आलं असेल," मी म्हणालो.

"भोकातनं? ते भोक आहे की विहीर?"

मी बुटाची नाडी बांधू लागलो. माझ्या बुटांना नाडी नव्हती.

आता तुम्हाला सांगतो, कारण तेव्हा सांगितलं नाही. ते झाकण मी उघडायचो. त्या हलक्या पावसातही उघडलं होतं. आमच्याकडे दारात पाणी तुंबलं की पहार घ्यायची आणि चेंबरचं झाकण उचलायचं, हे काही कुणी शिकवत नाही. ते आईच्या दुधातून येतं. माझ्या वडिलांनी साताऱ्यात केलं, मी बहारीनमध्ये. पाऊस सुरू झाला, गल्लीतलं पाणी पायरीला लागलं की मी पँट वर करून पहार घेऊन निघायचो. गल्लीभर आरोळ्या उठायच्या. हज्जिया दारातून "यल्ला, यल्ला!" म्हणून हात हलवायच्या. बायको माझ्या डोक्यावर छत्री धरायची. झाकण उघडलं की भोवरा करत पाणी आत, आणि मी असा उभा, जणू समुद्र मीच दुभंगला. त्या गल्लीत माझी जी काही इज्जत होती ती त्या पहारीच्या टोकावर होती. अर्ध्या तासाने न्हाणीतून तेच पाणी, वाटेत भेटलेल्या सर्वांना सोबत घेऊन, वर यायचं. तेव्हा मी सरकारला शिव्या द्यायचो.

खडू बघितल्यावर मला सगळं कळलं. तरी मी गप्प राहिलो. कारण सांगायचं कुणाला? बायकोला? दाराशी बॅग असताना?

चाचांनी आपला पुठ्ठा लिहिला. झाकणं कुणी उघडायची नाहीत. गच्चीचे पाइप गटारातून काढायचे. तळणीचं तेल मोरीत ओतायचं नाही. पावसाचा अंदाज आला की खालच्या टोकाला उपसायचा टँकर उभा करायचा, दारांना वाळूच्या पिशव्या लावायच्या. आणि एवढं करूनही गटार वाहिलंच, तर पाटी लावून लोकांना सांगायचं, पोरांना त्यात खेळू द्यायचं नाही. पाच ओळी. पंपसाहेबांनी पुठ्ठा उलटसुलट केला आणि मागच्या बाजूला शर्टाचं माप वाचलं.

"हे सादर करू? मी पावसात येऊन गटार वर येताना व्हिडिओ काढतो. तो बघितल्यावर पंप मंजूर झालाच म्हणून समजा."

"या की," चाचा म्हणाले. "मी पण येतो."

तो पाऊस शुक्रवारी दुपारी आला. हलका नव्हे, आभाळ फाटल्यासारखा. पंपसाहेब आधीच आमच्या घरात होते. बायकोने दिलेल्या रबरी चपला नाकारून ते बुटांसकट न्हाणीत, जाळीवर मोबाइल रोखून उभे होते. बाहेर पाणी पायरीला लागलं. गल्लीतून आरोळी उठली. आणि मी, शपथेवर सांगतो, ठरवून नाही, पण हात पहारीकडे गेला. बायकोने छत्री उघडली.

झाकणाच्या फटीत पहार घातली तोच मागून अत्तराचा वास आला.

चाचा नमाजाहून थेट आले होते. नवा पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, पिंडरीपर्यंत पाण्यात. ते माझ्याकडे बघत नव्हते, पहारीकडे बघत होते.

"असं का," म्हणाले. "ही माझी विहीर." मग माझ्या बायकोकडे वळले. "बाय, तुझ्या न्हाणीत ते पाणी कोण पाठवतंय माहीत आहे? हा बघ, पहार घेऊन उभा आहे. आणि तू त्याच्यावर छत्री धरलीस."

बायकोने छत्री मिटली आणि चाचांच्या हातात दिली. माझ्यावर पाऊस पडू लागला. ती आत गेली.

"चाचा, पण पाणी घरात येईल!" मी ओरडलो.

"येऊ दे. पावसाचं आहे, पाय धुवून निघेल. ते दुसरं पाणी आलं तर बायको निघेल. काय हवं ते सांग."

मग त्यांनी आमच्या दारातली प्लॅस्टिकची खुर्ची उचलली, तीन नंबरच्या झाकणावर ठेवली आणि तीस वर्षांत पहिल्यांदा झाकणावर जाऊन ते स्वतः बसले. खुर्चीचे पाय पाण्यात. माझ्या बायकोची छत्री डोक्यावर.

गल्ली खवळली. दोन नंबरच्या चेंबरसमोरचा शेजारी पहार घेऊन आला, मागून आपापल्या पहारी घेऊन आणखी दोघे. "काका, हटो ना, पानी अंदर आ रहा है!"

"मफी!" चाचा म्हणाले. नाही म्हणजे नाही. "खलास. टँकर येतोय."

"कब आएगा?"

"इंशाल्ला, दस मिनिट."

टँकर कुठेतरी रस्त्यावर अडकला होता, हे त्यांना फोनवर कळलं होतं. मला त्यांनी ते डोळ्यांनी सांगितलं. हज्जिया दारात येऊन अरबीत काहीतरी बराच वेळ ओरडल्या. चाचा तितक्याच अदबीने उत्तर देत राहिले. शेवटी हज्जियांनी आपलीही खुर्ची मागवली आणि दोन नंबरच्या झाकणावर ठेवून त्या बसल्या. त्यानंतर त्या बाजूला कुणी फिरकलं नाही.

पाणी दुसऱ्या पायरीला लागलं. वाळूच्या पिशव्यांच्या फटीतून एक धार हॉलमध्ये आली. लेक सोफ्यावर चढली. मी आत-बाहेर धावत होतो. न्हाणीत पंपसाहेब आणि माझी बायको शेजारी शेजारी उभे राहून जाळीकडे बघत होते. एकाला ते यायला हवं होतं, दुसरीला नको होतं. दाराशी बॅग होती.

जाळी गुरगुरली. पंपसाहेबांनी व्हिडिओ सुरू केला. एक बुडबुडा आला. दुसरा आला. जाळीच्या खाली काळं पाणी दिसू लागलं, बोटभर खाली. तिथे ते थांबलं. कुणी श्वास घेत नव्हतं. एक कारण भीती, दुसरं उघड आहे. मग आतून, कुणीतरी बशीतून चहा ओढावा तसा, एक लांब आवाज झाला आणि पाणी खाली गेलं.

"अजून पाच मिनिटं बघू," पंपसाहेब पडलेल्या आवाजात म्हणाले.

पाच मिनिटं बघितली. दहा बघितली. जाळी कोरडी. त्यांनी मोबाइल खिशात ठेवला.

बाहेर चाचांना आतलं काही कळत नव्हतं. ओले, गारठलेले, ओठ निळे पडलेले, ते खुर्चीतून अर्धवट उठले आणि हाक मारली, "काय झालं रे आत? बघू दे मला." त्यांचं बूड सुटताच तिन्ही पहारी एक पाऊल पुढे आल्या.

माझी बायको न्हाणीतून पळत दारात आली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "चाचा, उठू नका हो! जेवणाचं ताट तिथंच आणते!"